चरा पडलेल्या काचा

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोगशाळेच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. सोळा वर्षं मी तशा वह्या भरल्या. ही वही माझी आहे. हिच्यात मी हवी तशी खाडाखोड करणार आणि हवं त्याला हवं ते म्हणणार.

सुरुवात स्टोअरवाल्यापासून. तीन आठवड्यांपूर्वी नव्या ब्लेडची मागणी दिली होती. आज विचारायला गेले तर म्हणतो, "बाई, तुमचा कागद वर गेलाय." वर म्हणजे कुठे, स्वर्गात? शेवटी जुन्याच ब्लेडवर काम उरकलं. सहा उंदीर होते. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काढायचा, गोठवायचा, त्याचे पातळ काप करून काचेवर घ्यायचे. ब्लेडला बारीक खाच पडली आहे, त्यामुळे प्रत्येक कापावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक चरा उमटला. सोळा वर्षांत इतके घाणेरडे काप मी काढले नव्हते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. एक उंदीर पिंजऱ्याच्या जाळीला असा काही चिकटून बसला की त्याची बोटं सोडवता सोडवता नाकी नऊ आले. या आजारात उंदरांचे पाय लुळे पडतात, त्यांच्यात एवढं बळ कुठून येणार? औषध मिळालेलाच असणार. कोणत्या पिंजऱ्याला औषध आणि कोणत्या पिंजऱ्याला नुसतं खारं पाणी हे मला माहीत नसतं, माहीत नसायलाच हवं. पिंजऱ्यांवर फक्त आकडे असतात आणि त्या आकड्यांची यादी मॅडमच्या खणात कुलपात असते. मोजणाऱ्याला आधी कळलं की मोजणी नासते. पण डोळे तर मला देवाने दिलेत ना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कागद स्वर्गातून खाली आला. नवी ब्लेडं मिळाली, दोन दिवस उशिरा. आज दुसऱ्या पिंजऱ्यातले सहा. मरतुकडे, हातात घेतले तरी धडपडले नाहीत. काप मात्र आरशासारखे.

मॅडमना म्हटलं, मंगळवारचे काप चरा पडलेले आहेत, परत करू का? मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख; त्यांचं अर्धं आयुष्य विमानतळावर जातं. त्या फोनवरच म्हणाल्या, "मोजता येतात ना? मग झालं." झालं तर झालं. तोंड दाबून मार खायची आपली सवय जुनीच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले होते.

दादाला तेच झालं आहे जे मी उंदरांना होताना बघते. मज्जारज्जूत मोठमोठ्या पेशी असतात, त्या स्नायूंना हलवतात. त्या एकेक करून मरतात, आणि माणूस डोकं शाबूत ठेवून हळूहळू थिजत जातो. आधी हात गेले. बाइंडरचे हात! तीस वर्षं त्याने खळ लावून पुस्तकं बांधली. अंधारात दिला तरी कागद कोणता हे बोटांनी सांगायचा. आता जीभही जात चालली आहे. वहिनी अक्षरांचा तक्ता धरते, ओळीवरून बोट फिरवते आणि तो डोळे मिटून "हेच" म्हणतो.

मी काय मोजते हे त्याला आजाराच्या आधीच सांगितलं होतं. या पेशी एकट्या जगत नाहीत. शेजारच्या पेशींना आणि पुढे स्नायूला त्या धरून असतात, आणि धरून ठेवायला त्यांच्या अंगावर खास रेणू असतात. कागदोपत्री त्यांना आसंजक रेणू म्हणतात. पकड सुटली की पेशी मरते असा मॅडमचा कयास आहे. म्हणून आजारी उंदरांना तो रेणू वाढवणारं औषध द्यायचं आणि किती पेशी वाचल्या ते बघायचं. दादा तेव्हा म्हणाला होता, "म्हणजे खळ कमी पडतेय." इतकं सोपं मॅडमनाही कधी सांगता आलेलं नाही.

मग श्वास मोजला. एक छोटं यंत्र आहे, त्यात जोरात फुंकायचं. धडधाकट माणसाच्या शंभरातले किती, तो आकडा दिसतो. डॉक्टर म्हणाले आहेत की पन्नासच्या वर आहे तोवर पोटात नळी बसवून घ्या, गिळणं बंद पडायची वाट बघू नका. पन्नासच्या खाली गेलं की तेच काम धोक्याचं. हे मला समजतं. पण आमच्या मोजणीवर एक औषध कंपनी डोळे लावून बसली आहे. जमलं तर सहा महिन्यांत माणसांवर पहिली चाचणी, आणि नळी घातलेले रोगी त्यात घेणार नाहीत. मग नळीची घाई कशाला?

आज पहिल्या फुंका ५०, ५१, ४९. ओठ नीट मिटत नाहीत, हवा गळते, तेव्हा ते आकडे खरे नव्हेत. मी त्याचे गाल दोन्ही हातांनी धरले. सहाव्या फुंकेला ५६. तोच डॉक्टरांना कळवला. वहिनी बाजूला उभी राहून आपल्या पिठामिठाच्या हिशेबाच्या वहीत काहीतरी खरडत होती. तिला म्हटलं, एवढं काय लिहितेस? म्हणाली, "काही नाही वन्सं." वहिनीचं "काही नाही" म्हणजे चांगलं दोन पानांचं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोजणी सुरू. छत्तीस काचा, अठरा चरावाल्या आणि अठरा स्वच्छ, सगळ्यांवर कोड. काचा मिसळून दिल्या आहेत. नियम असा: पेशी ठरावीक मापाहून मोठी हवी आणि तिच्यातलं केंद्र स्पष्ट दिसायला हवं, तरच ती धरायची. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात निम्म्या पेशी कडेवरच्या असतात. एखादीचं केंद्र अर्धंच दिसतं, एखादी चऱ्याखाली दबलेली असते. तिथे अनुभव लागतो. चऱ्यामुळे एखादी पेशी झाकली गेली तर तिच्यावर अन्याय नको, म्हणून मी जरा थांबून, फोकस मागेपुढे करून बघते.

गंमत म्हणजे जिच्यावर स्टोअरवाल्याचा आशीर्वाद आहे तीच काच नेमकी भरलेली निघते. चरा दिसला की मला आता बरंच वाटतं.

२ मार्च, रविवार

काल मोजणी संपली. यादी उघडेपर्यंत सरासरी काढायची नसते. मी काढली. चरावाल्या काचांवर सरासरी सतरा पेशी, स्वच्छ काचांवर अकरा. सतरा! काच बाजूला ठेवली आणि प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आज दादाला सांगितलं. त्याला म्हटलं, "दादा, खळ लागतेय. नळीचं सध्या राहू दे." त्याने तक्त्यावर विचारलं, "नक्की, बारके?" मी म्हटलं, "मी स्वतः मोजलंय." तो हसला. आता तो तोंडाच्या एकाच बाजूने हसतो.

वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "काल पाणी पिताना त्यांना ठसका लागला. ओठ निळे पडले होते. मला नळी हवीय."

"अजून थोडं थांब ना. छप्पन्नवर आहे त्याचा श्वास."

"छप्पन्न तुम्ही आलात की असतो. एरवी नसतो."

"तुला ते यंत्र धरता येत नाही, वहिनी. ओठ गळतात."

ती भांडी आपटायला लागली. दहावीला गणितात नापास झालेली बाई मला मोजमाप शिकवणार. रस्ताभर मी तिला मनातल्या मनात चांगली सुनावत आले.

११ मार्च, मंगळवार

काटेकोर! त्याचं खरं नाव सगळ्या मजल्याने विसरायला घेतलंय. पेन्सिलीचं टोक सुद्धा मोजपट्टी लावून करणारा माणूस. छत्तीसपैकी सहा काचा दुसऱ्याने मोजून बघायच्या असा नियम आहे आणि मॅडमनी त्या नेमक्या त्याला दिल्या.

आज चष्मा पुसत पुसत येऊन म्हणतो, "तीन काचांवर आपले आकडे जुळतात. उरलेल्या तीन काचांवर तुमचे पाच-सहाने जास्त आहेत. मला सगळीकडे बाराच्या आसपास दिसतायत."

"मग चष्मा बदला," मी म्हटलं.

म्हणे, परत एकदा बघू या. का बघू? तो पाच वर्षं ज्या रेणूमागे होता त्यातून भोपळा निघाला, आता माझे सतरा त्याला सहन होत नाहीत. स्वतःला काही साधत नाही, दुसऱ्याला साधलं की पोटात दुखतं. दादाला ठसके लागतायत, आणि हा चष्मा पुसतोय!

१२ मार्च, बुधवार

आज भांडण झालं. झालं ते बरंच झालं.

त्याने त्या सहा काचा पुढ्यात मांडल्या होत्या. शांतपणे, गोड बोलत. मला तो गोडपणाच लागला. मी म्हटलं, "तुम्हाला माझी मोजणी खोटी पाडायचीय ना? मग हे तीन-सहा काचांचे खेळ कशाला? सरळ चरावाल्या सगळ्या काचा घ्या. अठराच्या अठरा मोजा आणि मग बोला."

तो एकदम थांबला. "चरावाल्या म्हणजे?"

"म्हणजे चरावाल्या. मंगळवारच्या. दिसत नाही का तुम्हाला?"

"चरा दिसतो. पण चरा असला म्हणजे औषधवाला, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ते उंदीर मी हातात धरलेत!"

त्याने चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. काचा एकेक करून डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि निघून गेला. बोलती बंद. असं तोंडावर बोलल्याशिवाय लोकांना समजत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मॅडम विमानतळावरून थेट आल्या. काटेकोर, मॅडम आणि मी. दार बंद. मॅडमनी खण उघडला, यादी बाहेर काढली, आणि माझ्याकडे न बघता वाचली.

मंगळवारचा पिंजरा: खारं पाणी.

मी म्हटलं, चूक आहे. लेबलं बदलली आहेत. कोणीतरी पिंजरे उलटे ठेवले. मॅडम म्हणाल्या, "रजिस्टर आणा." मीच धावत जाऊन आणलं. पिंजऱ्याची नोंद, टोचलेल्या दिवसाची नोंद, सगळं अक्षर माझंच होतं. एकही रेघ मारलेली नाही. माझ्या वह्या इतक्या स्वच्छ असतात.

म्हणजे ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्या काचांवर मला सतरा दिसले. औषधवाल्यांच्या काचांवर अकरा. काटेकोरला दोन्हीकडे बारा. चरा कुठल्या काचेवर आहे ते दिसू नये म्हणून त्याने काल प्रत्येक काचेवर त्याच जागी कागदाची पट्टी चिकटवून आणखी दहा काचा मोजल्या. बाराच.

मॅडम पुष्कळ बोलल्या. एक गट एका दिवशी कापायचा हा त्यांचाच आराखडा होता, हे मी त्यांना सुनावलं. चरावाले काप परत करू का, असं मी विचारलं होतं, हेही सुनावलं. स्टोअरवाल्याचंही नाव घेतलं. खरं आहे सगळं. पण चऱ्याखालच्या पेशी फोकस फिरवून फिरवून कोणी शोधल्या? स्टोअरवाल्याने नाही.

घरी येऊन हे लिहितेय आणि एकच गोष्ट डोक्यात घण घालतेय. माझा अंदाज बरोबर निघाला असता, तर? सतरा विरुद्ध अकरा औषधाच्या बाजूने आले असते. काटेकोर मत्सरी ठरला असता. कंपनीने चाचणी काढली असती. मी मरेपर्यंत खरी ठरले असते.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला तर भर दिवसा, दिव्याखाली, चाळीस पट मोठं करून दिसलं.

१५ मार्च, शनिवार

सहाव्या फुंकेला ५६.

पाच आकडे मी सोडून दिले होते. गेल्या रविवारी आठव्या फुंकेचा धरला. ओठ गळतात म्हणून. चऱ्याखाली दबल्यात म्हणून. देवा, दोन्हीकडे माझे तेच हात.

१६ मार्च, रविवार

सगळं सांगितलं. दादा खुर्चीत होता, मान पट्ट्याने टेकवलेली. मी आधीच रडून घेतलं होतं, त्यामुळे कोरडेपणाने सांगता आलं. चरा, सतरा, खारं पाणी, आणि श्वासाचे आकडे.

वहिनी आत गेली आणि तिची वही आणून माझ्या मांडीवर टाकली. पिठामिठाच्या हिशेबांच्या मधल्या पानांवर रकाने होते. प्रत्येक रविवार, प्रत्येक फुंक. ५०, ५१, ४९, ४८, ५०, ५६. पुढच्या रविवारी ४८, ४७, ५०. मधल्या वारांचेही आकडे होते, तिने एकटीने घेतलेले. ४६. ४७. ४५.

"डॉक्टरांना का नाही पाठवलेस?" माझा आवाज चढला. कोणावर चढला कोण जाणे.

"पाठवायला घेतले होते. ह्यांनी पाठवू दिले नाहीत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाले, बारकी चुकीचं मोजणार नाही. तिचं पोटच त्यावर आहे."

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं होतं तो एका बाजूने हसेल, "जाऊ दे" म्हणेल. तो नेहमी म्हणतो. लहानपणी त्याची सायकल मी मोडली तेव्हाही म्हणाला होता. त्याने तक्ता मागितला. वहिनी बोट फिरवत गेली, तो डोळे मिटत गेला. फार वेळ लागला.

"मोजणारा शिवत नाही."

त्याच्या दुकानातला नियम. छापून आलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, एकाने मोजून लावायचे आणि शिवायचे दुसऱ्याने. शिवणाऱ्याला घाई असते, त्याला नेहमी सगळे फर्मे पुरेच वाटतात. मी शाळेत असताना एकदा दुकानात बसून दोन्ही कामं केली होती, आणि चाळीस पुस्तकं सोळा पानं कमी घेऊन बांधली गेली. तेव्हा त्याने मला सगळी परत उसवायला लावली होती.

मी म्हटलं, "दादा, मी तुझ्यासाठीच..."

तो घशातून ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. मान पट्ट्यात अडकलेली, डोळे लाल. वहिनीने पुन्हा बोट फिरवलं.

"नाही. तुझ्यासाठी."

मग "जा."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर रागावला, आणि तोही वहिनीच्या बोटाने. मी गेले.

१८ मार्च, मंगळवार

इस्पितळातल्या यंत्रावर ४४. तीन फुंका, तिन्ही ४४ च्या आतबाहेर. डॉक्टरांनी फाईल उघडून माझे आकडे वाचले. "छप्पन्न? पंधरा दिवसांपूर्वी छप्पन्न? हे कोणी घेतले?"

"मी."

"तुम्ही या क्षेत्रातल्या ना?"

मी हो म्हटलं. यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर बरं. आता पूर्ण भूल देता येणार नाही. तोंडावर हवेचा मास्क चढवून, नुसतं पोट बधिर करून नळी घालणार. "महिन्याभरापूर्वी हे अर्ध्या तासाचं काम होतं," ते म्हणाले. संमतीपत्रावर वहिनीने सही केली. पेन परत करताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, बोल, वहिनी, चार शब्द हाण. तिने पेनाचं टोपण लावलं.

२१ मार्च, शुक्रवार

नळी बसली. मधेच त्याचा श्वास घसरला, यंत्र किंचाळायला लागलं, आम्हाला बाहेर काढलं. पंचवीस मिनिटं. वहिनी बाकावर, मी भिंतीशी. मग परिचारिका येऊन म्हणाली, आहेत, ठीक आहेत. वहिनीने डोकं गुडघ्यांत घातलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, ती सरकली नाही. एवढंच.

२ एप्रिल, बुधवार

छातीत संसर्ग झाला, तो उतरला. दादा आता दिवसभर मास्कवर असतो. नळी महिनाभर आधी घातली असती तर हे टळलं असतं का, असं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. कोणीही सरळ "हो" म्हणत नाही याचा मला भयंकर राग येतो.

प्रयोगशाळेत सगळे काप नव्याने होणार, दोन्ही गट एकाच दिवशी, एकाच ब्लेडने. काटेकोरने मॅडमना सांगितलं म्हणे की कापायला मीच हवी, माझ्यासारखा हात मजल्यावर कोणाचा नाही. मोजणार तो. मी त्याला म्हटलं, "उपकार नकोत." तो म्हणाला, "उपकार नाहीत. मला इतकं पातळ कापता येत नाही." चष्मा पुसतच म्हणाला. माझं डोकं फिरलंच, पण किल्ली घेऊन कापायच्या खोलीकडे गेले.

६ एप्रिल, रविवार

वहिनीचा फोन आला. "इस्पितळापासून यंत्र तुमच्याकडेच राहिलंय. घेऊन या."

गेले. दादाने मला पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. मी यंत्र वहिनीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "मला ह्यांचे गाल धरावे लागतात. वहीत कोण लिहिणार?" आणि पिठाची वही माझ्यापुढे सरकवली.

मी खुर्ची फिरवून यंत्राकडे पाठ करून बसले. मास्क निघाल्याचा आवाज आला, मग फुंक. लहान, ओली फुंक.

"एकेचाळीस," वहिनी म्हणाली.

माझ्या जिभेवर आलं होतं: परत एकदा घे, ओठ गळाले असतील. खिडकीच्या काचेत दादा दिसत होता. तो माझ्या पेनाकडे बघत होता.

एकेचाळीस लिहिलं.